वैकुंठरथावरची फळी

१९ ऑगस्ट १९९७

आज काकासाहेबांकडे जाऊन आलो. गारखेड्याच्या आमच्या मंडळाचे ते अध्यक्ष. मंडळाचा वैकुंठरथ आहे, जुनी मॅटॅडोर. तिच्यात मागच्या दाराशी फुलांसाठी फळी बसवू द्याल का, एवढं विचारायचं होतं. ते विचारायला तीन वेळा त्यांच्या दुकानापर्यंत जाऊन परत आलो होतो.

उमाला, माझ्या बायकोला, जाऊन महिना झाला. त्या दिवशी तिच्यासाठी खूप लोक आले. ती शिकवायची त्या शाळेतली मुलं, त्यांचे आईबाप, कोपऱ्यावरची भाजीवाली, पोस्टमन. मला यातली निम्मी माणसं माहीत नव्हती. प्रत्येकाच्या हातात हार. छाती भरली, मग चेहरा झाकला, मग लोक गाडीत खालीच टाकायला लागले. दोन्ही बाकांवर माणसं दाटीने बसली होती आणि सगळ्यांचे पाय फुलांवर होते. उस्मानपुऱ्याच्या गतिरोधकावर गाडी आदळली तेव्हा उरलेली फुलंही बाकाखाली गेली. स्मशानात उतरलो तर लोकांच्या तळव्यांना पाकळ्या चिकटलेल्या. तेव्हापासून ते डोळ्यांसमोरून जात नाही.

काकासाहेबांनी ड्रॉइंग उलटंसुलटं करून पाहिलं.

"वैजनाथराव, तुम्ही पाटबंधाऱ्यातले ड्राफ्ट्समन. हे धरण हाय का फळी?"

"फळी आहे."

"घडी होती का?"

"होते. तिरडी आत सरकवताना खाली पडून राहील. मग वर उचलायची आणि साखळी अडकवायची. गाडी धुताना खिट्ट्या काढल्या की पूर्ण निघते. लोकांना आत चढावं लागणार नाही, दारात उभं राहूनच फुलं ठेवता येतील."

"बसवा मग. पण एक सांगतो. लोकांनी तक्रार केली की दुसऱ्या दिवशी काढायची. मयताच्या घरी कटकट नको." मग म्हणाले, "आणि बाईंचं नाव टाका त्याच्यावर. स्मरणार्थ. लई लोकांची पोरं शिकवली त्यांनी."

हे मला सुचलं नव्हतं. घरी येताना वाटलं, बरं झालं.

२३ ऑगस्ट

फेअर ड्रॉइंग पूर्ण. आक्का दोनदा जेवायला बोलावून गेली. यमुनाआक्का, माझी थोरली बहीण, उमाच्या दिवसांसाठी पैठणहून आली ती अजून इथेच आहे. तिच्या सुना वाट पाहत असतील.

आज तिने पुन्हा कपाटाचा विषय काढला. "वैजू, तिची लुगडी तशीच पडलीत. कसर लागंल. दोन शेजारच्या द्वारकाबाईला दे, दोन कुण्या गरिबाला दे."

म्हटलं, फळीचं काम होऊ दे, मग बघू.

३० ऑगस्ट

छावणीत लतीफ वेल्डरकडे गेलो. ऑफिसच्या वेळची ओळख. ड्रॉइंग बघून म्हणाला, "साब, मैंने जिंदगी में पलंग बनाया, पाळणा बनाया, गेट बनाया. मय्यत की गाडी का शोकेस पहिली बार."

"शोकेस नाही. फुलं ठेवायला."

"वही तो. आपल्याकडं चादर टाकली, चार खांदे लागले, झालं. तुम्हारे में सामान बहुत."

मी हसलो नाही. मग त्याने "भाभी के वास्ते है क्या?" असं विचारलं. हो म्हटलं. त्याने टेप काढली आणि पत्रा मोजायला घेतला. काम चांगलं करील असं वाटतं.

९ सप्टेंबर

फळी तयार. पत्रा, कडेने अँगल, पुढे चार बोटांची पट्टी, म्हणजे फुलं घसरणार नाहीत. बिजागऱ्या घट्ट आहेत. पेंटर रामकिसनला घरीच बोलावलं. पट्टीवर पांढऱ्या रंगात "कै. सौ. उमा वैजनाथ धारूरकर यांच्या स्मरणार्थ". तो बारीक अक्षर काढणार होता. मी म्हटलं, लांबून वाचता आलं पाहिजे. मग त्याने पट्टीभर काढलं. "उमा" थोडं मोठं झालं. ते तसंच राहू दिलं.

१८ सप्टेंबर

आज फळी गाडीवर चढली. काकासाहेबांना शंका होती, पितृपक्ष लागलाय, नवीन वस्तू कशी लावायची. ड्रायव्हर कडूबा म्हणाला, "आता वैकुंठरथाला कसला पितृपक्ष, काकासाहेब? हा तं गाडीचा सणच हाय." काकासाहेबांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि मग स्वतःच हसले.

कडूबाने दोन-तीनदा उघडझाप करून पाहिली. "झकास हाय साहेब. माझा डबा ठिवायला बी बरी." डबा ठेवायचा नाही असं सांगितलं.

२२ सप्टेंबर

पहिली वेळ. मोंढ्यातले एक धान्याचे व्यापारी. कडूबाने येता येता सांगितलं म्हणून गेलो. ओळख नव्हती, मागे उभा राहिलो. फळी पाहता पाहता भरली. इतके हार की पट्टी दिसेना, नावही दिसेना. खाली एक पाकळी पडली नाही. चेहरा शेवटपर्यंत उघडा राहिला. मी स्मशानापर्यंत स्कूटरवर मागे गेलो.

एकच झालं. घरातली एक म्हातारी, सारजाबाई म्हणून हाक मारत होते तिला, पाया पडायला पुढे आली. फळी पायांवर आडवी. ती वाकून बघू लागली. "पाय कुठंत रं याचे? पाय कामून झाकले?" कुणीतरी तिचा हात धरून फळीखालून आत घातला. तिने चाचपून डोकं टेकवलं. कपाळाला पत्रा लागला.

हे ड्रॉइंगमध्ये लक्षात यायला हवं होतं. आपल्याकडे शेवटी सगळे पायाशीच येतात.

२७ सप्टेंबर

लतीफकडून फळी वर घेतली. आता खालून पाय दिसतात आणि हातही पोचतो. "साब, अब ये आखरी ना?" म्हणाला.

७ ऑक्टोबर

या आठवड्यात दोन वेळा गेलो. एक शिक्षिका होत्या, त्यांना फुलं भरपूर. दुसरे एक वकील. दसरा जवळ आल्यामुळे झेंडू पुष्कळ. लोक आता सरळ फळीवरच हार ठेवतात, कुणी सांगावं लागत नाही. एक गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "सोय चांगली केली कुणीतरी."

घरी आलो तर आक्का ताटावर बसून होती. म्हणाली, "कोण होतं आज?"

"वकील."

"आपल्या ओळखीचे?"

"नाही."

"मेलेल्यांच्या मागं हिंडतोस. इथं जितं माणूस जेवायचं थांबलंय, ते नाही दिसत तुला." आणि तिने भाकरी ताटात जरा जोरानेच ठेवली.

वरण गार झालं होतं. आक्काला आता पैठणला पाठवायला हवं, तिची चिडचिड वाढली आहे.

१४ ऑक्टोबर

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

दुपारी गाडी पलीकडच्या वस्तीत गेली. फकिरा म्हणून हमाल होता. बोळात गाडी शिरत नव्हती, तोंडाशीच लावली. माणसं थोडी. कडूबाने सवयीने फळी वर केली. तिच्यावर दोन हार ठेवले गेले, एक घरचा आणि एक हमालांचा. एवढी लांब फळी आणि दोन हार. बाकी सगळा पत्रा. आणि पुढे ते नाव, सबंध, लांबून वाचता येईल असं.

फकिराची बायको आवडाबाई. तिला दोघींनी धरून आणलं होतं. तिच्याबरोबरच्या पोरीने पट्टी मोठ्याने वाचली. आवडाबाईने मान वर केली. रडत नव्हती. साधं विचारावं तसं कडूबाला विचारलं, "ही उमाबाईची गाडी हाय का? मंग आमच्या माणसाची कवा येनार?"

कडूबा म्हणाला, "मावशी, हीच हाय. ते नुसतं नाव हाय."

"दुसऱ्या बाईच्या नावाच्या गाडीत न्यायचं का त्याला?"

तिचा दीर पुढे आला. "काहो डायव्हर, आमची फुलं कमी हायेत ते जगाला दाखवायला लावलं का हे? खाली करा."

कडूबाने फळी खाली सोडली. हार काढून फकिराच्या छातीवर ठेवले. तिथे ते पुरेसे दिसले. पण फळी खाली पडली की पट्टी बाहेरच्या बाजूला येते. नाव उलटं, तरी दिसतच होतं. कडूबाने खांद्यावरचा पंचा काढून त्यावर टाकला. मग गाडी गेली.

मी स्कूटर चालू केली नाही. तिथेच उभा होतो. त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी कोण ते तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

१६ ऑक्टोबर

काकासाहेबांनी बोलावलं. चहा आला, पण त्यांनी लगेच विषय काढला.

"वैजनाथराव, चूक माझी. नाव टाका मीच म्हणलो. देवळातल्या पंख्यावर चालतं, बाकड्यावर चालतं. हिथं नाय चाललं."

"फळीचं काय करायचं?"

"फळी चांगली हाय. लोकांना पसंत हाय. नाव पुसा, फळी राहू द्या. नाव ठिवायचं असल तं फळी घरी न्या. तुम्ही म्हणाल तसं. पण दोन्ही नाय जमणार आता."

विचार करून सांगतो म्हटलं. विचार करण्यासारखं काय आहे ते मात्र घरी येईपर्यंत सापडलं नाही. तिचं नाव नसेल तर मी ही फळी कुणासाठी केली?

२१ ऑक्टोबर

खिट्ट्या काढून फळी घरी आणली, रिक्षाने. रिक्षावाला वाटेत नाव वाचून म्हणाला, "दुकानाची पाटी का?" हो म्हटलं.

मागच्या पडवीत भिंतीला लावून ठेवली. आक्काने पाहिलं. काही बोलेल असं वाटलं होतं. तिने फक्त धुण्याची बादली उचलून दुसरीकडे ठेवली.

२४ ऑक्टोबर

दिवसभर पडून होतो. ताप नाही. अंगात काही नाही असं वाटतं.

३० ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. आमच्याकडे यंदा दिवाळी नाही, कढई चढवायची नाही. पण पद्धतीप्रमाणे लोकांनी फराळ आणून दिला. सकाळपासून दार वाजत होतं. शेजारच्या द्वारकाबाई चकल्या घेऊन आल्या, शाळेच्या हेडबाईंकडून लाडू आले, भाजीवालीनेही शंकरपाळे आणले, पिशवीत नाही, स्टीलच्या डब्यात. डबा परत द्यायला या म्हणाली, म्हणजे मला तिच्या घरी जावं लागणार.

आक्काला स्वयंपाकघरात जागा पुरेना. तिने पडवीतल्या फळीची साखळी खिडकीच्या गजाला अडकवली आणि ताटं, डबे तिच्यावर मांडले. मी म्हटलं, "आक्का, ही फळी कशाची आहे?"

"माहितीय मला. उमाचीच ना? तिनं नसतं मांडलं का? ती तं दाराबाहेर टेबल मांडून बसली असती, पोरांना वाटत."

ते खरं आहे. मला लाडवांतला एक खावा लागला.

२ नोव्हेंबर

भाऊबीज. ओवाळणं नाही. आक्काने नुसता डोक्यावर हात ठेवला. मी तिला विचारलं, पैठणला कधी निघतेस. "तू सांग," म्हणाली. तिचं जायचं तिने ठरवायला हवं, मी काय सांगणार. म्हटलं, दहा तारखेला निघ.

५ नोव्हेंबर

सकाळी कडूबा घरी आला. पायरीवर बसला, आत येईना.

"साहेब, फळी द्या परत."

"का?"

"काल छावणीकडची एक म्हातारी नेली. पुन्हा तेच, फुलं पायाखाली. आदी मला दिसत नव्हतं. आता दिसतंय. तुम्हीच लावली ही खोड." मग म्हणाला, "काकासाहेब म्हणले पुसून लाव. पण मी नाय पुसणार. बाईंनी माझ्या पोरीला दुसरीत शिकवलं. नाव पुसायचं तं तुम्ही पुसा. मला पाप नका लावू."

"मला लागत नाही का पाप?"

"तुम्ही नवरा. तुम्हाला चालतं."

आक्काने त्याला चहा दिला. तो बशीत ओतून पिऊन गेला.

पॉलिश पेपर आणून बसलो. रामकिसनने रंग पक्का दिला होता, निघेना. आधी "स्मरणार्थ" घासलं, मग "धारूरकर". "वैजनाथ" लवकर गेलं, तिथे रंग पातळ होता. जेवायला हाक आली तेव्हा "उमा" राहिलं होतं. जेवून आलो. आक्का शेजारी तांदूळ निवडत बसली. ती माझ्या हाताकडे बघत नव्हती. मी घासलं. पांढरी पूड पत्र्यावर, बोटांवर, धोतरावर. ती झटकायची कशी ते कळेना. शेवटी आक्काने ओलं फडकं आणलं, फळी पुसली, मग माझे हात पुसले. लहानपणी पुसायची तसे, एकेक बोट धरून.

संध्याकाळी आक्काने कपाटाची किल्ली मागितली. दिली.

९ नोव्हेंबर

सकाळी मंडळाच्या आवारात फळी बसवली. एक खिट्टी घट्ट झाली होती, तेल घालत होतो, तेवढ्यात निरोप आला. गारखेड्यातच, मागच्या गल्लीत. कडूबा म्हणाला, "बसा पुढं, खिट्टी जाता जाता बघू."

भाड्याची खोली. सांडू नावाचा माणूस, एका गोदामावर वॉचमन. बिडकीनकडच्या खेड्यातला. गावाकडे निरोप गेला होता, पण अजून कुणी पोचलं नव्हतं आणि अंगाला वास यायला लागला होता. बायको गेलेली, मूल नाही. घरमालक होता, गोदामातला एकजण होता आणि एक चुलतभाऊ, तो वाळूजला कंपनीत असतो. बस्स. बाया दारातून बघत होत्या, त्यांना तो माणूस फारसा माहीत नव्हता. "कुणाशी बोलायचा नाय," असं एकजण म्हणाली.

तिरडी आत घेतली. घरमालकाने एक हार आणला होता. तो हातात धरून गाडीच्या दाराशी उभा राहिला. कडूबाने फळीला हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"उघडू का साहेब?"

"नको. छातीवर ठेवा."

हार छातीवर ठेवला. फळी खालीच राहिली. तिच्यावर आता काही लिहिलेलं नाही, नुसता पत्रा.

मी पुढे बसणार होतो, पण मागे बाक रिकामे होते. मागे बसलो. प्रत्येक गतिरोधकावर चुलतभाऊ हार धरायचा.

प्रतापनगरच्या स्मशानात उतरलो. कडूबाने चुलतभावाच्या हातात मडकं दिलं. तो पुढे झाला. तिरडीला मग घरमालक आणि गोदामातला माणूस, दोघेच राहिले. कडूबा तिसरा झाला. त्याने मान वळवून मला म्हटलं, "साहेब, चौथं कुणी नाय."

मी चप्पल काढली आणि मागून उजवा खांदा लावला. गोदामातला माणूस बुटका होता, त्यामुळे वजन माझ्याकडे आलं. सांडू जड होता. पाय माझ्या गालाशी होते. मध्ये विसाव्याला तिरडी टेकवली तेव्हा मला उठवेना. कडूबाने काखेत हात घालून उभं केलं. "राहू द्या, मी कुनाला तरी बोलावतो," म्हणाला. मी म्हटलं, नाही, चल.

पुरं पेटेपर्यंत थांबलो. घरमालकाने विचारलं, "तुम्ही सांडूचे कोण?"

कडूबा म्हणाला, "गल्लीतलेच हायेत." घरमालकाने हात जोडले. म्हणाला, "बरं झालं आलात."

घरी आलो तेव्हा आक्काने दारातच अडवलं आणि मागच्या दारी पाणी काढून दिलं. खिडकीतून विचारत होती.

"आज कोण होतं?"

"सांडू म्हणून होता. वॉचमन."

"फळी भरली का?"

"उघडली नाही. खांदा दिला मी."

मग म्हणाली, "तुला झेपला का?"

"नाही."

आणखी एक तांब्या आला, कढत. तिने तो माझ्या खांद्यावरच ओतला.

तिची बॅग भरून दारात ठेवलेली होती. उद्याच्या एसटीचं विचारलं तर म्हणाली, "तुझा खांदा उद्या जास्त दुखंल. परवा बघू." जेवायला बसलो, दोघंही, एकाच वेळी. दुखतोय खरा.